पिंपातली चिमूट

बर्च लोकेशन,
६ एप्रिल १९६५

प्रिय विंको,

तुझं पत्र आलं तेव्हा तोने आमच्या एजन्सीच्या गोडाऊनमध्ये ट्रक रिकामा करत होता. तुला ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत घेतलं, हे मी दारातूनच ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता मेव्हणा बियर चाखायचा पगार घेणार. मी इतकी वर्षं चाखतोय, मला कुणी पांढरा कोट दिला नाही." मग दिवसभर जो भेटेल त्याला तेच सांगत सुटला. डोरोथीला जप. पहिलं बाळंतपण आहे, जिने चढू देऊ नकोस.

आता कामाचं. तोने म्हणतो, तू आत आहेस तर तुझ्या कानावर घालायलाच हवं. तुमच्या वाल्डेक ब्रुअरीच्या बियरचा फेस टिकत नाही. ग्लास भरेपर्यंत असतो आणि गिऱ्हाइकानं हात पुढे करेपर्यंत बसतो. धक्क्याजवळचा लेम्पी कांगासचा बार तुला आठवत असेल. ती म्हणते, "पेप्का, तुझी बियर म्हणजे डबक्यातलं पाणी. लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी कालची ओतली." दोष खरं तर ग्लास धुवायच्या नव्या पावडरीचा आहे. तिचा पातळ थर काचेवर राहतो आणि फेस मारतो. पण हे बारवाल्यांना कोण पटवणार? पलीकडच्या एजन्सीची बियर त्याच ग्लासात उभी राहते, म्हणून ते तिकडे वळतायत.

लेम्पी तावातावानं म्हणाली, "तुझ्या भावालाच बोलाव, माझ्या काउंटरवर उभा राहून बघू दे." मी म्हटलं, "बाई, कायद्यानं त्याला तुझ्या दारात एक पिंप ठेवता येत नाही, की तुला त्याच्या दारातून एक उचलता येत नाही. बनवणारा एकीकडे, विकणारी दुसरीकडे. दोघांनाही आमच्याच गोडाऊनमधून जायचंय." तर म्हणाली, "मग तुम्हीच ऐका." म्हणून लिहितेय.

तोने रोज सगळे बार फिरतो, तुला माहीत आहे. एजन्सीचा मालक आला की त्यानं बारमधल्या सगळ्यांना एकेक पाजायची आणि स्वतःही एक घ्यायची, ही इथली रीत. पण हल्ली तो घरी येतो तो खाली मान घालून.

तुझी,
पेप्का


सेंट पॉल,
२० मे १९६५

प्रिय पेप्का,

तोनेला सांग, त्याचं गाऱ्हाणं वरपर्यंत पोचलं. मी तुझ्या पत्रातला तो डबक्याचा शब्द जसाच्या तसा बैठकीत वाचून दाखवला. आधी सगळे हसले. मग मुख्य रसायनतज्ज्ञांनी पत्र मागून घेतलं, आणि दोन आठवड्यांनी त्यांनी मलाच बोलावून घेतलं.

उपाय सापडलाय. एक क्षार आहे. भल्यामोठ्या हौदाला जेमतेम चिमूटभर पुरतो. चव नाही, वास नाही, रंग नाही. फेस मात्र असा धरतो की पावडरीचा थर असो नसो, त्याला फरक पडत नाही. फक्त पिंपांत घालणार आहोत, बाटल्यांना त्याची गरज नाही. सुरुवात तुमच्याकडच्या उत्तरेच्या मालापासून करायची, हे मीच सुचवलं. परवानगीबिरवानगी सगळं रीतसर आहे.

हे बाहेर बोलू नकोस. पलीकडच्या एजन्सीला नुसता वास लागला तरी महिन्याभरात त्यांचेही लोक तेच करतील.

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पेप्का. इथं आल्यापासून पहिल्यांदा. आणि ते झालं तोनेमुळे. त्याला म्हणावं, पांढरा कोट आपल्या दोघांत अर्धा अर्धा.

तुझा,
विंको


बर्च लोकेशन,
११ जुलै १९६५

प्रिय विंको,

तू इथं असायला हवं होतंस. बियर संपली तरी फेसाची वलयं ग्लासच्या आत एकाखाली एक चिकटून राहतात. माणसानं किती घोट घेतले ते मोजावं. लेम्पीनं पहिला ग्लास उजेडासमोर धरला आणि लगेच दुसरा भरला. तिच्या बाबतीत हे फार मोठं कौतुक. आता ती आधीच्या दुप्पट पिंपं घेते. ज्यांनी आम्हाला सोडलं होतं तेही परत आले. तोने तर लग्नातल्या नवरदेवासारखा फिरतो. नळ उघडायचा, सगळ्यांना पाजायची, स्वतः घ्यायची, की पुढचा बार.

उकाडा भयंकर आहे. खाणीवरची तांबडी धूळ खिडक्या लावल्या तरी आत येते. लोक पाण्यासारखी पितायत.

एक वाईट बातमी. टोइवो राउतिओ गेला. लेम्पीकडे खिडकीजवळ बसायचा तो क्रेनवाला, बैलासारखा. गेले काही आठवडे जेवत नव्हता, पोटात दुखतं म्हणायचा. मग धाप लागायला लागली. दवाखान्यात नेला आणि दोन दिवसांत आटोपलं. डॉक्टर बर्गलुंड म्हणाले, हृदय. पिणारा माणूस होता हे खरं, पण त्याचा बाप याच्या दुप्पट प्यायचा आणि म्हातारा होऊन मेला.

तोनेचंही जेवण कमी झालंय. रविवारी पोतित्साची गोड रोटी भाजली, अक्रोड भरपूर घालून, त्याला आवडते तशी. एक तुकडा घेतला आणि ताट सरकवलं. मी म्हटलं, "इतकी वाईट झाली?" तर म्हणाला, "फेसानंच पोट भरतं गं." उन्हामुळे असेल.

पाळण्याचं काम सुतार जोसिपकडे दिलंय. बीच झाडाचं लाकूड आहे.

पेप्का


सेंट पॉल,
२ ऑगस्ट १९६५

प्रिय पेप्का,

तुमच्या भागाची विक्री वाढलेली बघून इथं सगळे खूश आहेत. डोरोथी बरी आहे. पाळण्याबद्दल तिनं तुला स्वतंत्र लिहिलंय.

एक सांगायचं होतं. तोनेचं वय आता रोज इतकी पिण्याचं नाही. त्यानं बारमध्ये लोकांना जरूर पाजावी, पण स्वतः कॉफी घ्यावी. आणि प्यायचीच असेल तर बाटलीतली. माझी शपथ घालून सांग.

आणि टोइवो राउतिओ गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग कसा होता, हे कुणी पाहिलं होतं का? लेम्पीला विचारून कळव. सहज विचारतोय.

विंको


बर्च लोकेशन,
१५ ऑगस्ट १९६५

विंको,

मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग कुणी सहज विचारतं का? तरी मी विचारला. लेम्पी भांडी पुसत होती, ती थांबली. म्हणाली, "पाटीसारखा. निळसर राखाडी. ओठ तर शाई प्यायल्यासारखे. तुझ्या भावाला कसं कळलं विचारायचं ते?"

तुझी शपथ तोनेला घातली. तो लेम्पीच्याच बारमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "ऐका हो, मेव्हण्याचा हुकूम आहे. आजपासून मी कॉफी पिणार." सगळा बार हसला. म्हातारा कोबाल म्हणाला, "एजन्सीवालाच जर आपली बियर पीत नाही, तर आम्ही काय येडे आहोत का?" तोनेनं ताबडतोब ग्लास भरून घेतला. दुसरं काय करणार होता? त्याचा धंदाच त्या ग्लासावर चालतो.

तो कोबाल काल गेला. तसाच. न जेवणं, धाप, मग रंग. आणखी दोघं दवाखान्यात आहेत. एक धक्क्यावरचा आहे, एक सॉ मिलमधला.

आता माझं ऐक. मी तुझ्यासारखी शाळा शिकले नाही, पण आमचा माल कुठं जातो हे मला डोळे मिटून सांगता येतं. चौघेही लेम्पीकडचे, नाहीतर टेकडीखालच्या बारमधले. दोन्हीकडे नळाला फक्त वाल्डेक. चर्चशेजारच्या बारमध्ये पलीकडच्या एजन्सीचं पिंप आहे. तिथले लोक रोज तेवढीच पितात, तेवढेच भांडतात, आणि धडधाकट आहेत. आमचा शेजारी श्कुल्य घरी बसून आमच्याच बाटल्या रिचवतो. काल छपरावर चढून पत्रे ठोकत होता.

बाटली पी म्हणून तू लिहिलंस. का लिहिलंस?

सकाळी तोने रिकामं पिंप फळीवरून वर ढकलत होता. रिकामं. अर्ध्यावर थांबला आणि त्याला टेकून उभा राहिला. मी पाहतेय हे त्याला कळलं, तेव्हा शीळ घालायला लागला. पण शीळ येईना. श्वासालाच जोर नव्हता.

काय घालता तुम्ही त्यात?

पेप्का


वाल्डेक ब्रुअरी, सेंट पॉल,
२७ ऑगस्ट १९६५

श्रीमती ह्रिबार यांस,

आपले दिनांक १५ चे पत्र मिळाले. कंपनीची सर्व उत्पादने कायद्याने घालून दिलेल्या नियमांनुसारच तयार होतात. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्या व पुरेसा आहार न घेणाऱ्या व्यक्तींमध्ये हृदयविकार आढळतो, हे वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे. त्याचा संबंध आमच्या मालाशी जोडणे निराधार ठरेल.

उत्पादनाच्या प्रक्रियेबाबत आपणास खासगीत काही समजले असल्यास ते गोपनीय मानावे. एजन्सीच्या करारातील अटींकडे आपले लक्ष वेधत आहोत.

आपला,
व्ही. झुपान


बर्च लोकेशन,
३ सप्टेंबर १९६५

विंको,

श्रीमती ह्रिबार यांना पत्र मिळालं. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि माझ्या झग्याचं टोक धरल्याशिवाय झोपत नव्हतास. त्या बाईला पत्र लिहिताना तुला टाइपरायटर लागला.

तोने दवाखान्यात आहे. हृदयाभोवती पाणी झालंय. डॉक्टरांनी सुई घालून काढलं, तर परत भरलं. पाय असे सुजलेत की बोट दाबलं तर खड्डा राहतो. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "असं मी पुस्तकातही वाचलेलं नाही. हे नुसत्या दारूचं नाही. काहीतरी पोटात जातंय. काय जातंय तेवढं कळलं, तर निदान कशाशी झगडतोय ते कळेल." मी त्यांना सांगितलं की पिंपांत काहीतरी घालतात. त्यांनी ब्रुअरीला फोन लावला. तिकडून सांगितलं, पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट.

मी ट्रक बंद केला. पिंपं परत आणायला स्वतः बारबार फिरले. कारण काय सांगणार? म्हटलं, माल आंबलाय. लेम्पीनं माझ्यासमोर ग्लास भरला, चाखला, म्हणाली, "अशी बियर तू मला जन्मात दिली नव्हतीस. परत नेतेस ती कुणाला विकायला?" तिला वाटलं मी दुसऱ्या बारला जास्त भावानं देतेय. तिनं पिंप दिलं नाही. टेकडीखालच्यानंही नाही.

आणि काल तुमच्या कंपनीचा इलाका बघणारा माणूस आला, करडी हॅट घातलेला. खुर्चीवर बसलाच नाही. गोडाऊन फिरून पाहिलं, भरलेली पिंपं रांगेत उभी दिसली. म्हणाला, "मिस्टर ह्रिबार आजारी असल्याचं ऐकून वाईट वाटलं. एकट्या बाईला एजन्सी झेपणं कठीण. पलीकडचे लोक तयार आहेत." मी म्हटलं, "त्यांना काय देणार? हीच पिंपं?" तो म्हणाला, "अर्थात. चांगला माल आहे." जाताना त्यानं दार हळूच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या घरातून निघतात तसं.

मला कंपनी नको, करार नको. मला त्या क्षाराचं नाव हवंय. एक शब्द.

पेप्का


सेंट पॉल,
९ सप्टेंबर १९६५

पेप्का,

हे घरून लिहितोय. ते कंपनीच्या नावाचं पत्र लिहिताना दोन जण माझ्या खुर्चीमागे उभे होते. मजकूर त्यांचा, सही माझी. तू त्यावर जे लिहिलंस ते मला पाठ झालंय.

तुला सगळं सांगतो. जुलैतच पश्चिमेकडच्या एका एजन्सीनं असंच कळवलं होतं. रंगाचा उल्लेख त्यांच्या पत्रात होता. म्हणून मी विचारलं. तेव्हा इथले म्हणाले, योगायोग असेल, उन्हाळा संपू दे. मला वाटलं, तोनेनं तेवढी कॉफी घेतली म्हणजे भागेल. मी फक्त त्याचा विचार केला. बाकीच्यांची मला नावंही माहीत नव्हती. तू कळवलीस तेव्हा कळली.

गेल्या आठवड्यापासून क्षार घालणं बंद केलंय. कुणाला काही न सांगता पोतीच हलवली. म्हणजे नवीन पिंपं चांगली आहेत. पण आधी बाहेर गेलेली ते परत मागवणार नाहीत. परत मागवली तर का मागवली ते सांगावं लागेल. ती बारमध्येच संपतील, असं ठरलंय. "आपोआप निकाल लागेल," हे शब्द मी कानानं ऐकले.

तुझ्या गोडाऊनमधली गटारात ओतून दे. लेम्पीच्या पाया पड, काहीही कर, पण तिचीही ओत.

नाव मी लिहू शकत नाही. ते कागदावर आलं तर कुठून आलं हे सांगायला जादूगार लागणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच आहोत. डोरोथीला आठवा लागलाय, घर कंपनीचं आहे. आणि नाव कळून तोनेला उपयोग होईलच असंही नाही, त्यावर औषध नाही. ते पोटात जाणं थांबलं पाहिजे, आणि ते तर थांबलंच आहे.

मला एवढ्यात काही लिहू नकोस. वाचून झालं की हे जाळ.

विंको


बर्च लोकेशन,
२४ ऑक्टोबर १९६५

विंको,

तू लिहू नकोस म्हणालास, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. जाळलं मात्र नाही.

तू येऊन गेलास हे मला डॉक्टरांकडून कळलं. सकाळच्या बसनं आलास, त्यांच्या दवाखान्यात सर्दीखोकल्याच्या लोकांबरोबर रांगेत बसलास, आत जाऊन त्या क्षाराचं नाव सांगितलंस, किती घालत होते ते सांगितलंस, आणि दुपारच्या बसनं परत गेलास. ते म्हणाले, "तुमच्या भावानं आधी दार आतून लावलं, मग खिडकी, आणि तेव्हा बोलला." तोने त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. मी त्याच्या उशाशी बसून विणत होते. तू जिना चढला नाहीस.

तू केलंस ते लहान नाही. हे मी आधी लिहिते, कारण पुढचं वाचल्यावर तुला ते दिसणार नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी आसपासच्या सगळ्या डॉक्टरांना फोन केले. गोडाऊनमधली पिंपं मी तुझं पत्र आलं तेव्हाच ओतली होती, लेम्पीची राहिली होती. मग शेरीफला बरोबर घेऊन ते स्वतः लेम्पीच्या बारमध्ये गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एक एक पिंप गडगडवत रस्त्यावर आणलं आणि स्वतः बूच काढलं. उतारावरून बियर धक्क्यापर्यंत वाहत गेली, वर तो पांढरा फेस. संध्याकाळपर्यंत बसला नाही. पोरंसोरं बघायला जमली, त्यांना तिनं झाडू घेऊन हाकललं. नंतर मला म्हणाली, "तू आणून दिलीस. मी ओतून दिली. लोकांनी विश्वासानं घेतली." एवढंच. आता रस्त्यात भेटली तर मान हलवते, थांबत नाही.

सॉ मिलमधला वाचला. धक्क्यावरचा गेला. खालच्या गावांतही काही गेलेत, पण तिथं कुणाच्या दारात कुठलं पिंप होतं हे सांगायला कुणी नाही. डॉक्टर म्हणतात, खरा आकडा कधीच कळणार नाही.

एजन्सी गेली. पलीकडच्यांचा ट्रक आता आमच्या खिडकीवरून जातो, बाजूवर वाल्डेकचं नाव ताज्या रंगात. माल चांगला आहे, तू म्हणालास ते मला पटतं. तरी तो ट्रक दिसला की माझा हात जिथं असेल तिथं थांबतो. गोडाऊन बटाटेवाल्याला भाड्यानं दिलं.

तोने घरी आहे. खाली, दिवाणखान्यात पलंग टाकलाय. जिना त्याला आता कधी चढता येणार नाही. पायांची सूज उतरली, चेहरा आपल्या रंगावर आला, पण हृदय सैल झालंय म्हणतात, जुन्या मोज्यासारखं. बोलता बोलता झोपतो.

त्याला काही माहीत नाही. डॉक्टरांना मी विनंती केली, धक्का सोसेल इतका होऊ दे म्हणून. त्याला वाटतं, तो आजारी पडला आणि मला झेपेना म्हणून एजन्सी गेली. आणि त्याला सगळ्यात जास्त काळजी कुणाची आहे? तुझी. परवा म्हणाला, "आपल्यामुळे पोराची नोकरी अडचणीत आली असेल. मेव्हण्याची एजन्सी बुडाली म्हणून हसत असतील त्याला तिथं. त्याला लिही, म्हणावं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यानं माझ्यासाठी केलं तेवढं सख्ख्या भावानं केलं नसतं. नुसतं म्हटलं फेस टिकत नाही, तर पठ्ठ्यानं अख्खी ब्रुअरी हलवली." बोलून दमला, डोळे मिटले. मला वाटलं झोपला. तर म्हणाला, "कॉफी पी म्हणाला होता बघ. ऐकायला हवं होतं."

हे ऐकत मी तिथं बसते, रोज.

मुलगी झाली हे डोरोथीच्या पत्रानं कळलं. पाळणा तयार आहे, पाठवलेला नाही. मृतांच्या स्मरणदिनाला सगळे घरी येतात, तेव्हा तू पोरीला घेऊन ये आणि पाळणा ने. तोनेच्या शेजारी तुझी खुर्ची ठेवते. तो तुला बघून उठायचा प्रयत्न करील, त्याला उठू देऊ नकोस. मग मी पोरीला घेऊन स्वयंपाकघरात जाईन आणि दार लावून घेईन. डॉक्टरांना सांगितलंस तसं त्याला सांग.

आणि नाही आलास, तर मी काही त्याला सांगणार नाही. घाबरू नकोस. तो जगेल तितके दिवस तुझं असंच कौतुक करत राहील, आणि मी ते तुला दर आठवड्याला लिहून कळवत जाईन.

पेप्का